घरच्या घरी काचेच्या ग्लासावर नाव कोरताना: कुठला ग्लास घ्यावा, शिरोरेषा सरळ कशी ठेवावी आणि तडा कुठे जातो

संक्रांतीचं वाण, डोहाळजेवण, लग्नातला आहेर, अशा निमित्तांनी काचेच्या ग्लासावर नाव टाकून द्यायची हौस आता गावागावांत दिसते. हौस चांगली, पण पहिले चार-पाच ग्लास बहुतेकांचे वाया जातात. आणि बहुतेक वेळा ते मशीन चालू होण्याआधीच वाया गेलेले असतात: ग्लास चुकीचा निवडलेला, कागद वाकडा चिकटवलेला, बिट (मशीनच्या टोकाला बसणारी, फिरून कोरणारी सळई) मापाचं नाही. राहिलेलं नुकसान हाताच्या दाबाने होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. काचेवरचं अक्षर पांढरं दिसतं ते खोल कोरल्यामुळे नाही, पृष्ठभाग खरखरीत झाल्यामुळे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी खोली पुरते. म्हणून दाबायचं काही कारणच नाही. मशीनच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर लागतोय असं वाटलं, तर बिट झिजलंय किंवा वेग चुकलाय.

## १. ग्लास निवडणं

साधा, सरळ भिंतीचा, बाहेरून गुळगुळीत आणि भिंत किमान २ ते ३ मिमी जाड असलेला ग्लास घ्या. २०० ते ३०० मिलिलिटरचा, जाड बुडाचा पाण्याचा ग्लास शिकायला सगळ्यात बरा. टपरीवरचा पट्ट्यापट्ट्यांचा चहाचा ग्लास नको, त्या उंचवट्यांवर बिट उडी मारतं. पातळ, नाजूक कडेचा ग्लास पहिल्या वर्षी हातात घेऊच नका.

इशारा: टफन्ड किंवा टेम्पर्ड ग्लास कोरू नका. अशा काचेचा वरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली असतो. वरचा थर खोलवर कापला गेला की पूर्ण ग्लास एका क्षणात दाणेदार तुकड्यांत फुटतो, आणि तोही हातात. खोक्यावर तसं लिहिलंय का पाहा. खोकं नसेल तर त्याच सेटमधला एखादा ग्लास याआधी घरात फुटला होता का, ते आठवा. त्याचे साखरेच्या खड्यांसारखे बारीक तुकडे झाले असतील, तर उरलेलेही त्याच जातीचे. पोलराइज्ड गॉगल असेल तर लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर ग्लास धरून गॉगलमधून बघा. टफन्ड काचेत काळे-पांढरे ढग किंवा पट्टे दिसतात.

बोरोसिलिकेट काच (उष्णता सोसणारी, प्रयोगशाळेतल्या भांड्यांची) कोरता येते, पण ती जास्त चिवट असते. वेळ लागतो आणि बिट लवकर झिजतं. सवय होईपर्यंत साधी काच घ्या.

तपासा: ग्लास उजेडात धरून फिरवा. बारीक बुडबुडा, जुना ओरखडा, कडेला टवका, यातलं काही दिसलं तर तो बाजूला ठेवा. तडा तिथूनच सुरू होतो.

## २. साधनं

भांड्यावर नाव टाकणाऱ्याकडे असते ती ठोके मारणारी मशीन काचेसाठी वापरू नका. स्टीलवर ते ठोके शोभतात. ग्लासाच्या पातळ भिंतीवर त्यांनी कपचे उडतात, आणि कधी कधी लगेच न दिसणारा तडा जाऊन ग्लास दोन दिवसांनी फुटतो. इथे फिरणारं बिट लागतं:

- वेग कमी-जास्त करता येणारी छोटी रोटरी मशीन
- हिऱ्याच्या कणांचा लेप असलेली बिटं: १ मिमीचा गोळा, २ मिमीचा गोळा आणि एक निमुळतं
- बिटाच्या दांड्याच्या मापाचा कोलेट (मशीनच्या तोंडाशी बिटाचा दांडा आवळून धरणारी पकड)
- पूर्ण बंद बाजूंचा चष्मा आणि एन-९५ मास्क
- परात, जुना टॉवेल, स्पंज, ड्रॉपर किंवा रंगाचा ब्रश
- वाळू किंवा ज्वारी भरलेली लहान कापडी पिशवी

कोलेटवर बहुतेकांचं लक्ष जात नाही. बाजारात बिटांचे दांडे साधारण २.३५ मिमी आणि ३ मिमी अशा मापांत येतात. २.३५ चा दांडा मोठ्या कोलेटमध्ये आवळला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण फिरताना थरथरतो. मग रेघ दुहेरी उमटते आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. दंतवैद्याकडची जुनी बिटं कोणी दिली, तर त्यातली बरीच १.६ मिमी दांड्याची असतात, ती या मशीनला लागत नाहीत. सोनारकामाची २.३५ ची चालतात.

बिट कोलेटच्या बाहेर १० ते १२ मिमीच ठेवा. जितकं बाहेर, तितकी थरथर जास्त.

तपासा: मशीन हवेतच चालू करून बिटाचं टोक बघा. गोळा एका जागी स्थिर दिसला पाहिजे. त्याच्याभोवती धूसर वर्तुळ दिसत असेल तर बिट काढून परत बसवा.

इशारा: "काच खाणारं ॲसिड" म्हणून सुटं मिळणारं द्रव आणि फ्लोराइड असलेली एचिंग क्रीम घरात आणू नका. फ्लोराइडची जखम सुरुवातीला फारशी दुखत नाही, पण आत खोलवर भाजते, आणि उपचाराला उशीर झाला तर जीवावर बेतू शकते. दवाखाना तालुक्याला असेल तर हा धोका घ्यायचाच कशाला? बाथरूम धुवायचं ॲसिड तर काचेवर कोरत नाहीच, त्याची वाफ मात्र डोळ्यांत आणि छातीत जाते.

## ३. ग्लास धुणं

भांड्याच्या साबणाने धुवा, कोरड्या सुती कापडाने पुसा, मग स्पिरिटचा बोळा फिरवा. कोरायचा भाग त्यानंतर बोटाने शिवायचा नाही.

बोअरचं पाणी असलेल्या घरांत एक पायरी वाढते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर ती टाळताच येत नाही. अशा पाण्यात रोज धुतलेल्या ग्लासावर क्षारांचा पांढुरका थर चढलेला असतो. त्यावर कोरलेली बारीक रेघ नीट दिसत नाही, मग माणूस दाब वाढवतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व टाका, ग्लास अर्धा तास त्यात ठेवा, मग घासा.

उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या ग्लासावर माठातलं गार पाणी टाकू नका. तो सावलीत निवू द्या. मे महिन्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरका. घामेजलेल्या हातातून ग्लासही निसटतो आणि मशीनही.

## ४. नावाचा कागद, म्हणजे शिरोरेषेचा प्रश्न

परदेशी व्हिडिओ बघून शिकलेल्यांची गाडी इथे अडते. रोमन अक्षरं सुटी असतात, एखादं थोडं वर-खाली झालं तर खपून जातं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एका दोरीवर टांगते. ती जराशी वाकली तरी सगळं नाव वाकडं दिसतं.

वर रुंद आणि खाली निमुळत्या ग्लासावर सरळ रेषेत छापलेला कागद लावला, की नावाची दोन्ही टोकं वर चढतात आणि मधलं अक्षर लोंबतं. वरचा व्यास साडेआठ, खालचा सहा आणि उंची दहा सेंटिमीटर असलेल्या ग्लासावर सहा सेंटिमीटर लांब नाव लिहिलं तर हा फरक सुमारे दीड मिलिमीटर येतो. आकडा लहान वाटतो, पण डोळ्याला लगेच खटकतो.

उपाय असा करा:

१. साधा पातळ कागद ग्लासाभोवती घट्ट गुंडाळा. वरची कड, बुडाची कड आणि जोड पेन्सिलीने आखून कापा. कागद उलगडला की घागऱ्याच्या कळीसारखा, दोन्ही बाजूंनी वळलेला तुकडा मिळेल.

२. त्या वरच्या वळणाला समांतर, सगळीकडे सारखं अंतर ठेवून एक रेघ काढा. तीच तुमची शिरोरेषा. कागदावर ती कमानीसारखी दिसेल, ग्लासावर सरळ बसेल.

३. नाव त्या रेघेखाली लिहा. अक्षराची उंची १२ मिमीपेक्षा कमी नको. क, व, ब यांच्या पोटात किमान अडीच मिमी मोकळी जागा सोडा, नाहीतर १ मिमीचा गोळा फिरताना पोट भरून जातं आणि 'व' नुसता ठिपका होतो. वेलांटी आणि मात्रेसाठी वर ५-६ मिमी, उकारासाठी खालीही तितकीच जागा ठेवा.

४. नावाची एकूण रुंदी ग्लासाच्या घेराच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा. त्यापेक्षा मोठं नाव समोरून एका नजरेत वाचता येत नाही. मग दोन ओळी करा किंवा नुसतं हाक मारायचं नाव घ्या. तेच जास्त गोड दिसतं.

ओठ लागतो त्या कडेपासून किमान अडीच सेंटिमीटर खालीच कोरा. कडेजवळ काच सगळ्यात नाजूक असते आणि खरखरीत भाग ओठाला लागू नये. कोरायचं नेहमी बाहेरून, आतून कधीच नाही.

तपासा: नाव ज्याचं आहे त्याच्या घरच्यांकडून लिहून घ्या. रश्मी की रश्मि, वैष्णवी की वैश्णवी, हे आपण ठरवायचं नसतं. काचेवर खोडरबर चालत नाही.

## ५. कागद आत बसवणं

कागद ग्लासाच्या आतून लावायचा, छापील बाजू बाहेर. उलटं, आरशातलं नाव छापायचं नाही. बाहेरून वाचायचं असल्यामुळे अक्षर आहे तसंच लागतं, आणि ही चूक फार जण करतात.

कागद दोन टोकांना चिकटपट्टीने लावा आणि आत कापूस गच्च भरा. कापूस आपल्याकडे काही विकत आणावा लागत नाही. कागद काचेला पूर्ण टेकला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नजर तिरपी झाल्याबरोबर अक्षर सरकल्यासारखं दिसतं, आणि आधीच काचेच्या जाडीमुळे रेघ थोडी हललेली दिसत असते. म्हणून जिथे कोरताय तो भाग कायम डोळ्यांच्या अगदी समोर ठेवा. डोकं वाकवू नका, ग्लास फिरवा.

शिरोरेषेची खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. सपाट फरशीवर पुस्तकांचा थर लावून त्यावर मार्कर आडवा चिकटवा, टोक ग्लासाला जेमतेम टेकू द्या आणि ग्लास जागच्या जागी फिरवा. काचेवर पक्की आडवी रेघ येते. आतल्या कागदावरची रेघ तिच्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर मशीनला हात लावू नका, कागद काढून परत बसवा.

## ६. बैठक, पाणी आणि वीज

परातीत ओल्या टॉवेलची घडी, त्यावर वाळूची पिशवी, पिशवीला मध्ये खळगा आणि खळग्यात आडवा ग्लास. दोन्ही मनगटं टेकलेली आणि मशीन धरलेल्या हाताची करंगळी काचेवर. अधांतरी हाताने सरळ रेघ येत नाही.

पाणी हवंच. कोरडं कोरलं तर बिटाचे हिरे गळतात, काच तापते आणि पांढरी पूड हवेत उडते. पण पाणी म्हणजे थेंब. ड्रॉपरने किंवा ब्रशने कोरायच्या जागेवर दोन थेंब सोडायचे, पूड लापशीसारखी झाली की ओल्या स्पंजने टिपायची, परत दोन थेंब. वायरवाली मशीन हातात असताना ग्लास पाण्यात बुडवून कोरायचा नाही.

इशारा: वायर सॉकेटपासून खाली झोळ देऊन मग मशीनकडे आणा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. शक्य तर करंटची गळती झाली की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवरच मशीन लावा. घरच्या अर्थिंगची खात्री नसेल तर चार्जिंगची मशीन घ्या. पायाखाली लाकडी पाट ठेवा, पायात रबरी चप्पल घाला.

चार्जिंगच्या मशीनचा आणखी एक फायदा आहे. शेतातले पंप सुरू झाले की गावातला व्होल्टेज पडतो, बिटाचा वेग अचानक कमी होतो आणि ते अडखळतं. आणि कोरताना मध्येच लाइन गेली, तर बिट काचेवर तसंच ठेवून उठू नका. आधी बिट उचला, मग बटण बंद करा. नाहीतर लाइन येताच टेकलेलं बिट उडी मारतं आणि नावावर आडवा ओरखडा जातो.

पदर, ओढणी, मोकळे केस बांधा. सुती हातमोजे घालू नका, त्यांचा धागा बिटात गुंततो. पंखा आणि कूलर बंद ठेवा, उकडलं तरी. त्यांचा वारा पूड तोंडावर आणतो.

## ७. कोरणं

आधी जॅमच्या दोन-तीन रिकाम्या बरण्यांवर हात बसवा. एक रेघ स्वतःकडे ओढा, एक स्वतःपासून दूर ढकला. एका दिशेला बिट हातातून पळतं, दुसऱ्या दिशेला थोडं अडतं. अडतं ती दिशा तुमची. उजव्या हाताने काम करणाऱ्याला ती बहुधा स्वतःकडे ओढण्याची असते. अक्षराचं वळण बदललं की ग्लास फिरवायचा, हाताची दिशा तीच ठेवायची.

पहिली फेरी. १ मिमीचा गोळा, वेग मिनिटाला १० ते १२ हजार फेऱ्यांच्या आसपास. मशीन हवेत चालू करा, वेग पकडू द्या, मग बिट तिरपं, साधारण ४५ अंशांत टेकवा. उभं धरलं तर टोक घसरतं. या फेरीत फक्त केसासारखी फिकट रेघ यायला हवी. शिरोरेषा सोडून सगळी अक्षरं अशी करून घ्या.

आवाजाकडे लक्ष ठेवा. बारीक, एकसारखी शीळ म्हणजे सगळं ठीक. खडखड आवाज आला तर बिट सैल आहे किंवा दिशा उलटी आहे. आवाज जड, घोगरा झाला तर तुम्ही दाबताय.

तपासा: लापशी पुसा, कागद आणि कापूस काढा, ग्लासात काळं कापड घाला. पांढऱ्या कागदावर न दिसणारी तुटक रेघ काळ्यावर लगेच दिसते. अक्षर मिमीभर सरकलं असेल तर आत्ताच कळेल, आणि पुढच्या फेरीत रेघ जाड करताना सावरून घेता येईल. हे बघून झालं की कागद परत बसवा.

दुसरी फेरी. त्याच रेघांवरून परत, वेग थोडा वाढवून, तीन-चार हलके हात. रेघ दीड मिमीपर्यंत रुंद होऊ द्या. एकाच जागी थांबू नका, तिथे खड्डा पडतो. अनुस्वार मात्र थांबूनच करावा लागतो: २ मिमीचा गोळा सेकंदभर टेकवा, उचला, थेंब टाका, परत टेकवा. असं तीनदा. एका दमात दाबून केलेल्या अनुस्वाराच्या कडेचा कपचा उडतो, आणि मग तो अनुस्वार राहत नाही.

तिसरी फेरी, शिरोरेषा. ती शेवटी ठेवायचं कारण एवढंच की लांब आडव्या रेघेत हाताचा कंप सगळ्यात जास्त दिसतो, आणि एव्हाना हात बसलेला असतो. दोन अक्षरांमधलं कमी-जास्त अंतरही तीच झाकते. एका दमात ओढू नका. सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर थोडा चढवा.

फूल, वेल किंवा धानाची लोंबी काढायची असेल तर नाव पूर्ण झाल्यावरच. नाव बिघडलं तर नक्षीला अर्थ उरत नाही. पान भरताना आधी बाह्यरेघ, मग आतून एकाच दिशेच्या जवळजवळ रेघा. उलटसुलट घासलेलं पान डागासारखं दिसतं.

नवशिक्याला तीन अक्षरी नावाला अर्धा-पाऊण तास लागतो. संक्रांतीला बारा ग्लास द्यायचे असतील तर पंधरा दिवस आधी सुरू करा आणि दिवसाला एक-दोनच करा. थकलेल्या हाताने केलेला चौथा ग्लास हमखास बिघडतो. ग्लास नेहमी दोन जास्तीचे आणा.

## ८. कड बघणं आणि धुणं

कापसाचा सुका बोळा अक्षरांवरून हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकून राहील तिथे धारदार कपचा आहे. बोटाने तपासू नका. त्या जागी थेंबभर पाणी टाकून निमुळतं बिट कमी वेगाने दोनदा फिरवा आणि परत बोळा फिरवून बघा. सँडपेपर लावायचा मोह होतो, पण त्याने आजूबाजूची चकचकीत काच धूसर होते आणि ती चमक घरी परत येत नाही.

मग वाहत्या पाण्याखाली तीनदा धुवा, आतूनही. कोरलेल्या खाचांमध्ये मऊ टूथब्रश फिरवा. ओल्या कापडाने पुसा आणि काळ्या कापडावर उलटा ठेवून वाळू द्या. वाळल्यावर कापडावर पांढरा कण दिसला तर अजून एकदा धुवा. हा ग्लास कोणाच्या तरी ओठाला लागणार आहे.

इशारा: कोरलेला ग्लास मूळच्यापेक्षा थोडा कमजोर होतो. ताक, पन्हं, पाणी बिनधास्त. उकळता चहा किंवा कोजागिरीचं कढत दूध त्यात ओतू नका, कोमट होऊ द्या. आणि ज्याला ग्लास देताय त्यालाही हे सांगा.

## ९. उरलेली पूड

परातीतलं पाणी मोरीत किंवा अंगणात फेकू नका. जुन्या डब्यात रात्रभर ठेवा, काचेची पूड खाली बसते. वरचं पाणी हळूच निथळून काढा, खालचा गाळ जाड कागदात बांधा. फुटलेले ग्लास वेगळ्या खोक्यात भरून त्यावर 'काच' असं मोठ्या अक्षरात लिहा. यातलं काहीही उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचं खत मृगाच्या आधी शेतात जातं, आणि निंदणाला आलेल्या बाया तिथे अनवाणी असतात.